वंध्यत्वाची व्याख्या कुणी करायची?

आजार म्हणजे काय, हे डॉक्टर ठरवतात असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते पुष्कळदा विम्याच्या करारात आणि कायद्याच्या कलमात ठरते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात समलिंगी जोडप्यांना अपत्यप्राप्तीच्या उपचारांसाठी जो झगडा करावा लागला, त्याचा इतिहास हेच सांगतो.

सॅन डिएगोजवळच्या व्हिस्टा या गावी १९९९ साली ग्वादालूपे बेनिटेझ नावाची तरुणी एका स्त्रीरोग चिकित्सालयात गेली. ती आपल्या जोडीदार स्त्रीबरोबर राहत होती आणि दोघींना मूल हवे होते. अमेरिकेत आरोग्य विमा बहुधा नोकरीबरोबर मिळतो आणि कोणत्या डॉक्टरकडे जायचे हेही तोच ठरवतो. तिच्या विम्याने तिला याच चिकित्सालयाशी बांधून टाकले होते. सुमारे वर्षभर औषधे देऊन झाली. दात्याचे वीर्य गर्भाशयात सोडण्याची वेळ आली, तेव्हा मात्र आमच्या धर्मश्रद्धेत हे बसत नाही, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. तिने २००१ मध्ये दावा लावला.

आमचा आक्षेप ती समलिंगी असण्याला नसून अविवाहित असण्याला आहे, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. पण दोन स्त्रियांना लग्न करण्याची मुभा त्या राज्यात तेव्हा नव्हतीच! १८ ऑगस्ट २००८ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. धर्मस्वातंत्र्याच्या नावाखाली समलिंगी रुग्णाशी भेदभाव करता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. डॉक्टरांच्या श्रद्धेचा मान राखणारी वाटही न्यायालयाने दाखवली. हा उपचार कुणावरच करू नका, किंवा ज्याचा आक्षेप नाही अशा सहकारी डॉक्टरकडून तो करवून घ्या. बेनिटेझला एव्हाना दुसरीकडे उपचार घेऊन मुलगा झाला होता. निकाल लागला तेव्हा तो शाळेत जाण्याच्या वयाचा होता.

दवाखान्याचे दार उघडले, पण बिल कुणी भरायचे? १९८९ च्या राज्य कायद्याने विमा कंपन्यांवर एवढेच बंधन घातले होते की, वंध्यत्वावरील उपचारांचे संरक्षण त्यांनी मालकांपुढे ठेवावे. ते घ्यायचे की नाही हे मालकाच्या मर्जीवर होते. आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा महागडा उपचार, त्यातूनही वगळलेला. शिवाय व्याख्या अशी, की डॉक्टरांनी दोष दाखवावा किंवा वर्षभर शरीरसंबंध ठेवूनही गर्भ राहू नये. दोघी स्त्रियाच असलेल्या घरात हे वर्ष कसे मोजायचे? दोन पुरुषांनी काय सिद्ध करायचे? हप्ता मात्र सर्वांना सारखाच!

२०१३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. हे संरक्षण देताना लैंगिक कलावरून भेद करू नये, असे त्यात आले. पण मुळात संरक्षण घेणेच ऐच्छिक राहिल्याने फायदा मर्यादित होता. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने आपली व्याख्या बदलली आणि ज्यांना दात्याच्या बीजाची गरज आहे त्यांनाही तीत घेतले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२४ मध्ये, राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी नव्या कायद्यावर सही केली. स्वतः किंवा जोडीदारासह वैद्यकीय मदतीशिवाय मूल होऊ न शकणे हेही आता वंध्यत्व ठरले. शंभरावर कर्मचारी असलेल्या मालकांच्या विमा योजनांत आयव्हीएफ आले आणि स्त्रीबीजे काढण्याच्या तीन खेपांचा खर्च विम्यावर पडला. सर्वांचे हप्ते वाढतील, हा विमा कंपन्यांचा आक्षेप होता. अंमलबजावणी जुलै २०२५ वरून १ जानेवारी २०२६ वर गेली.

तरीही हे दार सर्वांना खुले नाही. धार्मिक संस्थांना सूट आहे. ज्या मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांचा वैद्यकीय खर्च स्वतःच्या तिजोरीतून भागवतात, त्या १९७४ च्या केंद्रीय कायद्याखाली येतात. राज्याचा कायदा त्यांना लागू होत नाही. म्हणजे एकाच गल्लीतल्या दोन जोडप्यांपैकी एकाला उपचार मिळतो आणि दुसऱ्याला कर्ज काढावे लागते. फरक असतो तो फक्त नोकरीचा.

१९८९ ते २०२४. एक व्याख्या बदलायला पस्तीस वर्षे लागली. स्त्रीच्या जननक्षमतेला वयाची मर्यादा असते. या पस्तीस वर्षांत ज्यांचे वय उलटून गेले, त्यांना नव्या व्याख्येचा काही उपयोग नाही.