भाड्याचे सॉफ्टवेअर आणि सोडून जाण्याची मुभा

संगणकाच्या धंद्याची सुरुवातच भाड्याने झाली. अमेरिकेतली आयबीएम कंपनी संगणकाआधीच्या काळापासून आपली यंत्रे विकत नसे, महिन्याच्या भाड्याने देई. शिवाय त्यांत घालायची पंचकार्डेही आमच्याकडूनच घ्या, अशी अट घाली. ही अट तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९३६ मध्ये बेकायदा ठरवली. १९५६ मध्ये सरकारशी झालेल्या समझोत्याने यंत्रे विकायलाही ठेवणे कंपनीला भाग पडले. सॉफ्टवेअरला मात्र वेगळी किंमत नव्हती. त्याचा खर्च यंत्राच्या बिलातच मिसळलेला असे. १९६९ च्या जानेवारीत सरकारने कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला आणि जूनमध्ये आयबीएमने सॉफ्टवेअरची आकारणी स्वतंत्र करण्याचे जाहीर केले. म्हणून सॉफ्टवेअर त्या दिवशी विक्रीला आले, असे मात्र नाही. नव्याने किंमत लागलेले हे प्रोग्रॅमही मासिक शुल्कावरच मिळत. बदल झाला तो इतकाच, की तेच काम करणारा दुसऱ्याचा प्रोग्रॅम घ्यायचा की नाही, हे गिऱ्हाईक आता पैशांत मोजून ठरवू शकत होते. या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते: ग्राहकाचे स्वातंत्र्य भाडे की विक्री यावर अवलंबून नसते. आहे तिथून उठून दुसरीकडे जाता येते का, यावर ते ठरते.

घरगुती संगणक आल्यावर सॉफ्टवेअर खोक्यात बंद होऊन दुकानात आले आणि ही मुभा वाढली. प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारे इतर कंपायलर शेकडो डॉलरांना मिळत असताना बोरलँड कंपनीने १९८३ मध्ये आपले टर्बो पास्कल ४९.९५ डॉलरला विकले आणि भाव पाडून दाखवला. जुनी आवृत्ती पुरेशी वाटली, तर नवी न घेण्याचा हक्कही ग्राहकाकडे होता. कंपनीला पुढची विक्री नव्या गुणांवर मिळवावी लागे.

२०१३ च्या मे महिन्यात चित्रे आणि छपाईच्या मांडणीची साधने बनवणाऱ्या अडोबीने हा हक्क काढून घेतला. क्रिएटिव्ह सूट ६ ही कायमच्या परवान्याची शेवटची मालिका ठरली. त्यापुढच्या आवृत्त्या मासिक वर्गणीवर. हिशेब मांडून पाहू. संपूर्ण संच विकत घ्यायला २,५९९ डॉलर लागत. वर्षाच्या कराराने वर्गणी तेव्हा महिना ४९.९९ डॉलर होती. म्हणजे बावन्न महिन्यांनी दोन्ही खर्च बरोबरीला येतात. तोवर वर्गणीदाराला नव्या आवृत्त्या मिळतात, हे खरे. पण त्रेपन्नाव्या महिन्यात पैसे थांबले, तर खोके घेणाऱ्याकडे चालते सॉफ्टवेअर असते आणि वर्गणीदाराकडे फक्त फायली उरतात, ज्या नीट उघडायला पुन्हा तेच सॉफ्टवेअर लागते.

यावर पहिला आक्षेप असा, की बाजार खुला आहे. नको असेल त्याने घेऊ नये. हा आक्षेप कुठे लागू पडतो, हे २०१५ मध्ये दिसले. प्रोग्रॅमरांसाठी साधने बनवणाऱ्या जेटब्रेन्सने सप्टेंबरमध्ये वर्गणी जाहीर केली. ग्राहक खवळले. त्याच महिन्यात कंपनीने योजना बदलली: सलग बारा महिने पैसे भरणाऱ्याला एक आवृत्ती कायमची वापरता येईल. अडोबीवरही टीकेचा भडिमार झाला, तरी तिने निर्णय फिरवला नाही. माझ्या मते फरक ग्राहकांच्या रागात नव्हता, पर्यायात होता. प्रोग्रॅमरचा कोड साध्या मजकुराच्या फायलीत असतो आणि एक्लिप्ससारखे साधन फुकट मिळते. छापखाना, मासिक, जाहिरात संस्था यांचे वर्षानुवर्षांचे काम मात्र एकाच कंपनीच्या फाइल-स्वरूपात अडकलेले असते. अशा वेळी ‘घेऊ नका’ हा सल्ला कागदावरच राहतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सॉफ्टवेअरची सुरक्षा आणि दुरुस्ती रोजची कामे आहेत, त्यांना रोजचा पैसा लागतो. शिवाय एकरकमी हजारो डॉलर ज्याला झेपत नाहीत, त्याला थोड्या पैशांत सुरुवात करता येते. हे मान्यच करायला हवे. म्हणून वर्गणीवर बंदी घालण्याची मागणी चुकीची आहे. पण चालू सेवेचे पैसे घेणे वेगळे आणि बाहेरचा दरवाजा लपवणे वेगळे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या शिफारशीवरून तिथल्या न्याय विभागाने २०२४ च्या जूनमध्ये अडोबीवर खटला भरला, तो मुदतीआधी करार सोडल्यास लागणारे शुल्क ग्राहकापासून झाकल्याच्या आणि वर्गणी रद्द करणे अवघड केल्याच्या आरोपावरून. दर जास्त असल्याबद्दल नव्हे.

भारतातही पावले याच दिशेने पडली आहेत. ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप पैसे कापण्याआधी २४ तास ग्राहकाला कळवावे लागते आणि नकाराची सोय द्यावी लागते. २०२३ च्या ग्राहक संरक्षण मार्गदर्शक तत्त्वांनी वर्गणीचा सापळा अनुचित क्लृप्त्यांच्या यादीत घातला. मात्र पैसे थांबवता येणे ही निम्मीच मुभा झाली. आपले काम दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येणे, ही उरलेली निम्मी अजून मिळायची आहे. ती कायद्याने मिळेपर्यंत पहिल्या महिन्याचे पैसे भरण्याआधी प्रत्येकाने विचारावे: मी भरणे थांबवले, तर माझ्या फायली कशात उघडतील?