दोन हजार रुपयांची यादी

टाळेबंदी लागून पंधरवडा उलटला होता. जबलपूरला आमच्याकडे दूध घालणाऱ्या शेतकऱ्याने दारातूनच विचारले, खात्यात दोन हजार जमा झाले आहेत, ते कोरोनाचे का? मी ‘हो’ म्हणालो. उत्तर अर्धेच खरे होते.

२४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान किसान सन्मान निधीतून शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात, असा नियम होता. २६ मार्च २०२० रोजी अर्थमंत्र्यांनी ८.७ कोटी शेतकऱ्यांसाठी जाहीर केलेले २,००० रुपये हा त्यातलाच, लवकर दिलेला हप्ता होता. नवा पैसा त्यात नव्हता. अर्थात वेळेवर हाती आलेल्या रुपयाची किंमत उशिरा आलेल्या रुपयाहून अधिक असते, हेही खरेच.

या जिल्ह्याने सरकारी मदतीची याहून कठोर रूपे पाहिली आहेत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ पडले आणि १८९१ ते १९०१ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ७.४८ लाखांवरून ६.८० लाखांवर आली. बी-बियाणे आणि बैलांसाठी शेतकऱ्याला मिळे ती तगाई. ते १८८४ च्या कायद्याखालचे कर्ज, थकले तर शेतसाऱ्याच्या बाकीप्रमाणे वसूल होणारे. कोणाला किती दिले, ते तहसिलीच्या दप्तरात राही. ते दप्तर उघडून दाखवा, असे म्हणण्याचा हक्क रयतेला नव्हता.

तो हक्क मिळाला २००५ मध्ये. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील कोणी न मागताच प्रसिद्ध करणे कार्यालयांवर बंधनकारक झाले. सन्मान निधीची गाववार यादी संकेतस्थळावर आली ती याच वाटेने. जानेवारी २०२१ मध्ये माहिती अधिकारातील एका अर्जाच्या उत्तरात सरकारनेच सांगितले की २०.४८ लाख अपात्र व्यक्तींना १,३६४ कोटी रुपये गेले आहेत, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक प्राप्तिकर भरणारे आहेत. त्याच वर्षी जुलैत संसदेत हा आकडा ४२ लाखांवर गेला. आम्हा अधिकाऱ्यांना असे आकडे झोंबतात. पण ते उजेडात आले म्हणून वसुलीच्या नोटिसा तरी निघाल्या.

युरोपात मात्र वारे उलट वाहिले. ९ नोव्हेंबर २०१० रोजी तेथील न्यायालयाने शेती अनुदान घेणाऱ्या व्यक्तींची सरसकट नावे प्रसिद्ध करणारा नियम रद्द ठरवला. पुढे लहान रकमा घेणाऱ्यांची नावे वगळून यादी पुन्हा सुरू झाली. आपल्याकडेही २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८ मधील शब्द बदलले आणि ‘व्यापक जनहित’ दाखवून खासगी माहिती मिळवण्याची त्यातली वाट अरुंद झाली. दोन हजार रुपये घेणाऱ्या विधवेचे नाव जगाला दिसावे का, हा प्रश्न मलाही अडतो. तरीही गावाची यादी गावाने वाचावी, याच बाजूचा मी आहे. पटवाऱ्याहून गावाला अधिक ठाऊक असते.

अडचण वेगळीच आहे. यादीत घुसलेला माणूस यादी वाचून सापडतो. यादीत नसलेला सापडत नाही. योजनेचा आधार खसरा, म्हणजे आपला सातबारा, आणि तोही १ फेब्रुवारी २०१९ रोजी नाव असलेल्यांचा. बटाईने कसणारा त्यात नाही. त्या दूधवाल्याने आपल्या गावाची यादी मला मोबाइलवर दाखवली. त्याचे नाव होते. त्याचा धाकटा भाऊ ज्याची जमीन कसतो, त्या नागपूरला राहणाऱ्या मालकाचेही होते. भावाचे नव्हते.