कपाळावरचा दिवा

गेल्या हिवाळ्यात आमच्या गटातले एक शिक्षक रात्री शाळेतून परतताना सायकलवरून पडले. हेल्मेटवर झगझगीत एलइडी दिवा होता, रस्ता लख्ख उजळला होता आणि तरीही खड्डा दिसला नाही. खरचटण्यावर निभावले. "एवढा उजेड असताना खड्डा दिसू नये?" हा त्यांचा प्रश्न आम्ही सर्वांनीच मनावर घेतला. उत्तर शोधता शोधता सव्वाशे वर्षे मागे, थेट कोळशाच्या खाणीत जाऊन पोचलो.

सायकलच्या दिव्याची सक्ती जुनी आहे. उंच चाकाच्या सायकलींच्या काळात तेलाचा दिवा पुढच्या चाकाच्या आत, आसावर टांगत असत. बर्मिंगहॅमचा जोसेफ लुकास १८८० च्या सुमारास असे दिवे विकत होता. लुकास हे नाव पुढे आपल्याकडे मोटारींच्या विजेच्या सामानामुळे परिचित झाले. १८८८ साली इंग्लंडच्या कायद्याने सायकलला 'वाहन' ठरवले आणि सूर्यास्तानंतर तासाभराने तिच्यावर दिवा लावणे बंधनकारक केले. दिवा वाहनाला जोडलेला असावा आणि वाहन येत असल्याची सूचना त्याने इतरांना मिळावी, असा या कायद्याचा रोख होता. स्वाराला स्वतःला रस्ता दिसावा, ही अपेक्षा तेलाच्या मिणमिणत्या वातीकडून कोण करणार? आपल्याकडे बिनदिव्याच्या सायकलस्वाराला हवालदार अडवीत असे, त्यामागेही हाच विचार होता. तुम्हाला दिसते की नाही हा तुमचा प्रश्न. तुम्ही इतरांना दिसलात पाहिजे!

रस्ता खरोखर उजळला तो कॅल्शियम कार्बाइडने. १८९२ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात टॉमस विल्सन अॅल्युमिनियम मिळवण्याच्या खटपटीत होता. चुना आणि डांबर त्याने विजेच्या भट्टीत तापवले, आणि हाती आले कार्बाइड. आंबे पिकवण्यासाठी चोरून वापरली जाणारी (आणि बंदी असलेली) पूड ती हीच. तिच्यावर पाणी पडले की अॅसिटिलिन वायू सुटतो आणि मागे चुन्याची निवळी न झालेला लगदा उरतो:

CaC₂ + २H₂O → C₂H₂ + Ca(OH)₂

या वायूच्या ज्योतीत कार्बनचे सूक्ष्म कण तापून पांढरेशुभ्र चमकतात. दिव्याची रचना सोपी होती. वरच्या कप्प्यात पाणी, खालच्यात कार्बाइड, मध्ये थेंब कमीजास्त करायची खुंटी आणि ज्योतीमागे चकचकीत परावर्तक. न्यूयॉर्कमध्ये फ्रेडरिक बाल्डविनने २८ ऑगस्ट १९०० रोजी अशा दिव्याचे पेटंट घेतले, ते सायकलसाठी. मग त्याच जातीचा दिवा आकाराने लहान होऊन खाणकामगाराच्या टोपीवर चढला. सायकलचा दिवा प्रथम डोक्यावर गेला तो असा.

टोपीवर ज्योत बाळगणे खाणकामगारांना नवे नव्हते. स्कॉटलंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून किटलीसारखे छोटे तेलाचे दिवे टोपीला आकड्याने अडकवीत. दोन्ही हात मोकळे राहतात आणि मान वळेल तिकडे उजेड वळतो, ही त्यांची सोय. पण खाणीत मिथेन असतो. १८१२ साली इंग्लंडमधील फेलिंगच्या खाणीत स्फोट होऊन ९२ माणसे गेली. तेव्हा हम्फ्री डेव्हीने १८१५ साली ज्योतीभोवती तारेची जाळी बसवून सुरक्षादीप तयार केला. (अॅसिटिलिन १८३६ मध्ये प्रथम ओळखला तो त्याच्याच चुलतभावाने, एडमंड डेव्हीने.) हा दिवा हातात धरायचा आणि उजेड अगदी मंद. त्यामुळे 'इथे वायू नाही' या भरवशावर उघड्या ज्योतीचे दिवे टोप्यांवर राहिलेच. २४ डिसेंबर १९३२ रोजी इलिनॉयमधील मोवीक्वा येथे तो भरवसा फसला आणि ५४ कामगार मेले.

तोवर पर्याय उपलब्ध झाला होता. १९१४ च्या सुमारास एडिसनच्या कंपनीने विजेचा टोपीदिवा तयार केला. त्याची मांडणी मुद्दाम लक्षात घ्यावी. डोक्यावर फक्त हलका बल्ब आणि परावर्तक. जड बॅटरी कमरेच्या पट्ट्याला. दोहोंना जोडणारी तार पाठीवरून. चंद्रपूर-बल्लारपूर भागातील भूमिगत खाणींत उतरणाऱ्या कामगारांनीही वर्षानुवर्षे याच मांडणीचे दिवे वापरले.

१९९० च्या दशकात निळा आणि त्यावरून पांढरा एलइडी आला (निळ्या एलइडीला २०१४ चे नोबेल मिळाले), बॅटऱ्या हलक्या झाल्या आणि दिवा सायकलस्वाराच्या हेल्मेटवर आला. खाणीतली सोय रस्त्यावर आली खरी, पण रस्ता म्हणजे खाण नव्हे.

आता आमच्या मित्राच्या खड्ड्याकडे वळू. वर्गात अंधार करून जमिनीवर एक खडा ठेवा. टॉर्च कपाळाशी धरून खड्याकडे पाहा, मग तोच टॉर्च कमरेशी धरून पाहा. पहिल्या वेळी सावली जवळजवळ नाहीशी होते, दुसऱ्या वेळी खडा उठून दिसतो. याचे गणित नववीतल्या समरूप त्रिकोणांचे आहे. रस्त्यावर १० मीटर अंतरावर ५ सें.मी. उंचीचा दगड आहे आणि स्वाराचे डोळे दीड मीटर उंचीवर आहेत असे धरू. दगडामागची सुमारे ३४ सें.मी. जमीन त्याला दिसतच नाही. हँडलवरचा दिवा ९० सें.मी. उंचीवर असेल तर सावली पडते सुमारे ५९ सें.मी.; म्हणजे वीतभर काळी पट्टी नजरेत भरते. हेल्मेटवरचा दिवा १६५ सें.मी. उंचीवर असेल तर सावली पडते ३१ सें.मी., आणि ती सगळीच दगडाआड दडते! खड्ड्याचेही असेच. उजेड वाढवून उपयोग नाही; प्रश्न कोनाचा आहे. धुक्यात आणि धुळीत तर डोळ्याजवळचा दिवा कणांवरून परतून आपल्यालाच दिपवतो.

म्हणून आमचे मत असे, की मुख्य दिवा हँडलवर हवा आणि मागे लाल दिवा हवाच. हेल्मेटचा दिवा त्यांच्या जोडीला, वळणापलीकडे डोकावण्यासाठी आणि पंक्चर काढताना हात मोकळे राहावेत म्हणून. तोही फार प्रखर नको. खाणकामगार समोरच्याशी बोलताना मान किंचित वळवतात, डोळ्यांत उजेड जाऊ नये म्हणून. रस्त्यावर आपण नेमके उलट करतो, समोरून येणाऱ्या गाडीकडे वळून पाहतो. तेव्हा झोत खाली, दहा-पंधरा मीटरवर पडेल असा ठेवावा. ताशी २० कि.मी. वेगाने जाताना सावध होऊन थांबायला साधारण एवढेच अंतर लागते.

आणि दिवा बसवायचा कसा? हेल्मेटचा आतला फेस थर्मोकोलच्याच कुळातला. आपटल्यावर तो चिरडतो आणि डोक्याला बसणारा धक्का शोषतो. त्यात भोक पाडून स्क्रू बसवला तर तोच धक्का एका जागी एकवटतो. घट्ट बसवलेला उंच दिवा जमिनीत अडकून मानेला पीळही देऊ शकतो. म्हणून हेल्मेटच्या फटींतून ओवलेला वेल्क्रोचा पट्टा बरा. जोराचा धक्का बसताच दिवा निसटला पाहिजे. बॅटरी जड असेल तर ती खिशात, एडिसनच्या दिव्यासारखी, आणि तारेची जोडणी ओढताच सुटणारी. गोंदाने चिकटवण्याचा मोह तर टाळाच. का, ते पाहायचे असेल तर थर्मोकोलच्या तुकड्यावर अॅसिटोन असलेल्या नेलपॉलिश रिमूव्हरचे चार थेंब टाका. खिडक्या मात्र उघड्या ठेवा.