तापाचा पत्ता

मलकापूर म्हटलं की बुलढाण्याचे आणि शाहूवाडीचे लोक आधी हक्क सांगतात. हे मलकापूर कऱ्हाडला खेटून, हायवेवरचं. १९८४ साली इथं कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय निघालं. आणि डॉक्टरमंडळी आली की पाठोपाठ ग्रंथालय आलंच.

त्या काळी एखाद्या पोराच्या चमत्कारिक तापाविषयी जगात कुणी काय लिहिलंय हे बघायचं, तर डॉक्टरांची मुख्य वाट म्हणजे ‘इंडेक्स मेडिकस’. बिलिंग्ज नावाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टरनं १८७९ मध्ये सुरू केलेली लेखांची सूची. महिन्याला एक जाडजूड अंक, टाइप पंचांगाहून बारीक! बरं, त्यात लेखाचं फक्त नाव-गाव. म्हणजे स्थळाचा पत्ता मिळाला, मुलगी बघायची बाकीच. लेख जवळ नसला तर दुसऱ्या ग्रंथालयाकडून टपालानं मागवायचा. तोवर पोर हसतखेळत घरी गेलेलं असायचं, नाहीतर... जाऊ द्या, ते लिहवत नाही.

१९९७ साली ‘पबमेड’ सगळ्यांना फुकट झालं, २००४ मध्ये छापील सूची थांबली. आता रात्री दोन वाजता डॉक्टरबाई खाटेशेजारी उभ्या राहून फोनवरच शोधतात.

पोराची आजी मात्र सुनेच्या कानाशी लागते, “एवढं पोर फणफणलंय, आन् बाई बघ, मोबाइलात!”