बार्ड्सटाऊनचे आद्य कॅथेड्रल

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅथलिक श्रद्धेचा इतिहास म्हटला की बॉल्टिमोर, न्यूयॉर्क, बॉस्टन अशी मोठी शहरे आपल्या डोळ्यांसमोर येतात. दक्षिणेकडील राज्ये ही बहुतांशी प्रॉटेस्टंट पंथीयांची, शेतमळ्यांची आणि लहान लहान गावांची. परंतु ८ एप्रिल १८०८ रोजी पोप सातवे पायस यांनी बॉल्टिमोरच्या अफाट धर्मप्रांतातून चार नवे धर्मप्रांत निर्माण केले, तेव्हा बॉस्टन, न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया या तीन नामांकित बंदरांच्या पंक्तीला चौथे नाव होते केंटकी राज्यातील बार्ड्सटाऊन या गावाचे. तीन बंदरे पुढे महानगरे झाली. बार्ड्सटाऊन गावच राहिले. आणि गाव राहिले म्हणूनच की काय, तेथील कॅथेड्रल आज दोनशे वर्षांनंतरही त्याच जागी, त्याच भिंतींनिशी उभे आहे. या वास्तूचा इतिहास पाहू लागलो की जुनी इमारत जतन करणे म्हणजे नेमके काय जतन करणे, हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

या गावात कॅथलिक आले ते मेरीलँडहून. इंग्रज वंशाच्या या कुटुंबांच्या तेथील जमिनी तंबाखूच्या पिकाने निकस झाल्या होत्या, आणि ॲपलाचियन पर्वतरांगांपलीकडे केंटकीत स्वस्त व सुपीक जमीन मिळत होती. १७८५ साली सुमारे साठ कुटुंबांनी एकमेकांना वचन दिले की आपण विखुरता एकाच परिसरात वसायचे, म्हणजे एखादा धर्मगुरू मिळवणे सोपे जाईल. दीर्घकाळ टिकून राहणारा धर्मगुरू मिळायला आठ वर्षे लागली. १७९३ साली फादर स्टीफन बादीं यांना बॉल्टिमोर येथे गुरुदीक्षा मिळाली. अमेरिकेच्या भूमीवर गुरुदीक्षा मिळालेले हे पहिलेच धर्मगुरू, आणि त्याच वर्षी त्यांची रवानगी केंटकीला झाली. या स्थलांतराची आणखी एक बाजू आहे. ही कुटुंबे पर्वत ओलांडून आली ती एकटी आली नाहीत. आपल्या मालकीची माणसेही त्यांनी बरोबर आणली. केंटकीतील जंगल तोडणारे आणि नांगर धरणारे अनेक हात गुलामांचे होते, आणि त्यांतील बरेच जण मालकांप्रमाणेच कॅथलिक होते.

पहिले बिशप बेनेडिक्ट जोसेफ फ्लाझे हे फ्रान्समधील सल्पिशियन संस्थेचे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९२ साली ते अमेरिकेत आले. बिशपपदाची त्यांना एवढी धास्ती वाटली की नेमणूक टाळण्यासाठी ते पुन्हा फ्रान्सला गेले. तेथील वरिष्ठांनी त्यांना आज्ञा करून परत पाठविले. अखेर १८१० साली त्यांचा बिशप म्हणून दीक्षाविधी झाला आणि १८११ च्या जूनमध्ये, ओहायो नदीतून सपाट बुडाच्या नावेने प्रवास करून, ते बार्ड्सटाऊनला पोहोचले. सोबत फादर जॉन बॅप्टिस्ट डेव्हिड आणि मोजके गुरुविद्यार्थी होते. केंटकी, टेनेसी आणि उत्तरेकडील ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिशिगनचा मुलूख असा हा धर्मप्रांत. राहायला मात्र लाकडी ओंडक्यांची झोपडी.

अशा ठिकाणी १६ जुलै १८१६ रोजी कॅथेड्रलची कोनशिला बसविण्यात आली. आराखडा बॉल्टिमोरचे जॉन रॉजर्स यांचा. संगमरवर आणणे शक्य नव्हते, म्हणून जे जवळ होते त्यातूनच वास्तू घडवावी लागली. पाया स्थानिक चुनखडीच्या दगडाचा, विटा गावातच भाजलेल्या, आणि आतील भव्य स्तंभ म्हणजे जवळच्या जंगलातील उंच वृक्षांचे अखंड बुंधे. ते तासून, गोल करून त्यांवर गिलावा चढविला. प्रथमदर्शनी पाहणाऱ्यास हे दगडी स्तंभ वाटतात. ग्रीक मंदिराच्या धाटणीचे दर्शनी सज्जे आणि त्यावर उंच मनोरा अशी ही रचना. रोमची आठवण जागी राहावी आणि तरीही वास्तू केंटकीच्या मातीची असावी, असा हा मेळ आहे. वर्गणी गावातील सर्वांनी कबूल केली, त्यांत प्रॉटेस्टंट शेजारीही होते. परंतु १८१९ च्या आर्थिक मंदीमुळे अनेकांना कबूल केलेली रक्कम देता आली नाही, आणि कर्जाचे ओझे बिशपांच्या शिरावर पडले.

तरीही ८ ऑगस्ट १८१९ रोजी संत जोसेफ यांच्या नावाने या कॅथेड्रलचे अभिषेकपूर्वक समर्पण झाले, आणि आठवड्याभरात, १५ ऑगस्टला, फादर डेव्हिड यांना तेथेच बिशपपदाची दीक्षा देण्यात आली. पुढे युरोपातून चित्रे आली. फ्रेंच राजपुत्र लुई फिलिप आणि फ्लाझे यांची ओळख हवाना येथील निर्वासित दिवसांतली, आणि पुढे राजा झाल्यावर त्याने या चर्चला भेटी पाठविल्या, असे परंपरा सांगते. काही चित्रांना थोर चित्रकारांची नावे चिकटली आहेत, ती सर्वच अभ्यासकांना मान्य नाहीत. १९५२ साली ही चित्रे चोरीला गेली होती. पुढे तपासात ती हाती लागली आणि पुन्हा भिंतींवर आली.

१८४१ साली मात्र या गावावर मोठा आघात झाला. नदीकाठचे लुईव्हिल शहर वाढू लागले होते, म्हणून बिशपांचे आसन सुमारे ६५ किलोमीटर दूर तेथे हलविण्यात आले. ज्या वास्तूसाठी वृद्ध फ्लाझे यांनी उमेद खर्च केली, ती एका साध्या धर्मग्रामाचे चर्च बनली. ‘आद्य कॅथेड्रल’ हे तिचे बिरुद तेव्हापासूनचे. गावाला ही मानहानी वाटली असेल. परंतु बरोबरीच्या इतर कॅथेड्रलांचे काय झाले ते पाहावे. बॉस्टनचे पहिले कॅथेड्रल भोवतालच्या बाजारपेठेने वेढले गेले, १८६० साली विकले गेले आणि पाडले गेले. न्यूयॉर्कचे जुने सेंट पॅट्रिक १८६६ साली आगीत जळाले व पुन्हा बांधावे लागले. खुद्द लुईव्हिलमध्येही जुन्या चर्चच्या जागी १८५२ साली मोठे कॅथेड्रल उभे राहिले. वाढत्या शहराला जागा हवी असते आणि श्रीमंत धर्मप्रांताला नवेपणाची हौस असते. बार्ड्सटाऊनजवळ दोन्ही नव्हते. जुने पाडून नवे बांधण्याची ऐपत नसल्यामुळे जुनेच डागडुजी करून वापरावे लागले. दक्षिणेतील अनेक लहान गावांतील जुन्या वास्तू याच कारणाने टिकल्या आहेत. त्यांना प्रथम वाचविले ते गरजेने, कायदा नंतर आला.

कायदा आला तो १९६६ साली. राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा जतन कायद्याने महत्त्वाच्या वास्तूंची देशव्यापी नोंदवही तयार करण्याची तरतूद केली. प्रार्थनास्थळांना या नोंदवहीत सरसकट स्थान मिळत नाही. त्यांचे वास्तुशिल्प, कला किंवा इतिहास यांचे स्वतंत्र महत्त्व दाखवून द्यावे लागते. संत जोसेफ कॅथेड्रलचे ते महत्त्व १९७४ साली मान्य झाले आणि त्याचा या नोंदवहीत समावेश झाला. २००१ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यास लघु बॅसिलिकेचा मान दिला. शेजारच्या सेंट जोसेफ कॉलेजची विटांची भव्य इमारत १८३८ च्या आगीनंतर पुन्हा बांधली गेली. येथे काही काळ येशूसंघीयांनी शिकविले, यादवी युद्धात जखमी सैनिकांवर उपचार झाले, आणि आता तेथे वस्तुसंग्रहालय आहे. शाळा बंद पडली की इमारतीला नवे काम शोधावे लागते. चर्चचे तसे झाले नाही. ते ज्या कामासाठी बांधले गेले, त्याच कामात आजही आहे.

याच गावात जतन केलेली दुसरी प्रसिद्ध वास्तू म्हणजे रोवन घराण्याचे ‘फेडरल हिल’ हे घर. स्टीफन फॉस्टर यांच्या १८५३ सालच्या ‘माय ओल्ड केंटकी होम’ या गीताशी त्याचे नाव जोडले गेले आणि १९२३ साली राज्याने ते स्मारक म्हणून खुले केले. गीत आणि घर यांचा संबंध पुराव्यापेक्षा लोकांच्या समजुतीवर अधिक टिकून आहे. परंतु यातील खरा विरोधाभास निराळाच. ते गीत कुटुंबापासून तोडून दूर दक्षिणेत विकल्या गेलेल्या गुलामाचे दुःख सांगते. पुढे तेच गीत जुन्या सुखी दिवसांचे गोड स्मरण म्हणून गाइले जाऊ लागले, १९२८ साली राज्यगीत झाले, आणि रोवन घराण्याच्या गुलामांचा विसर पडला. भिंती, आरसे, पलंग जसेच्या तसे राखूनही एखादी वास्तू विस्मृतीची जागा कशी होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे.

मग चर्चचे काय? कॅथेड्रलसाठी शेतकऱ्यांनी जी वर्गणी दिली, ती ज्या शेतांच्या उत्पन्नातून दिली, त्या शेतांवर गुलाम राबत होते. परिसरातील गुरुविद्यालय आणि धर्मभगिनींचे मठ यांच्याकडेही गुलाम होते. १८१२ साली स्थापन झालेल्या लोरेटो आणि नझरेथ येथील संस्था, तसेच १८२२ सालच्या डॉमिनिकन भगिनी, या तिन्ही संस्थांनी शिक्षण व सेवेचे फार मोठे कार्य केले आणि त्याच वेळी माणसे आपल्या मालकीची ठेवली. १८६३ चा लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा केंटकीला लागू नव्हता. येथील गुलामांची सुटका १८६५ च्या डिसेंबरात तेराव्या घटनादुरुस्तीने झाली.

या अंधारातून एक नाव मात्र ठळकपणे पुढे येते. डॅनियल रुड यांचा जन्म १८५४ साली बार्ड्सटाऊन येथे झाला. आई-वडील दोघेही गुलाम, आणि दोघेही याच संत जोसेफ चर्चमध्ये सेक्रिस्टनचे काम करीत. वेदी सजविणे, दिवे लावणे, चर्च स्वच्छ राखणे हे त्यांचे काम. इमारत जतन करणारे पहिले हात शोधायचे तर ते येथे सापडतात. डॅनियलचा स्नानसंस्कार याच चर्चमध्ये झाला. युद्धानंतर शिक्षणासाठी ते ओहायोतील स्प्रिंगफील्ड येथे थोरल्या भावाकडे गेले, छपाईचा धंदा शिकले आणि १८८६ साली त्यांनी ‘अमेरिकन कॅथलिक ट्रिब्यून’ हे साप्ताहिक सुरू केले. कृष्णवर्णीय कॅथलिकाच्या मालकीचे व संपादनाचे हे वृत्तपत्र सुमारे अकरा वर्षे चालले. ख्रिस्तसभा खरोखर ‘कॅथलिक’ म्हणजे सर्वांची असेल, तर वर्णभेदाला तिच्यात जागा असू शकत नाही, हा त्यांचा आग्रह होता. १८८९ च्या जानेवारीत वॉशिंग्टन येथे त्यांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय कॅथलिकांची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. तिच्या आरंभी पवित्र मिस्सा अर्पण केली ती फादर ऑगस्टस टॉल्टन यांनी, जे स्वतः गुलामगिरीत जन्मले होते आणि ज्यांना १८८६ साली रोम येथे गुरुदीक्षा मिळाली होती. परिषदेच्या प्रतिनिधींना राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी भेट दिली. उतारवयात, आजारी अवस्थेत, रुड आपल्या गावी परतले. १९३३ साली त्यांचे निधन झाले. संत जोसेफच्या दफनभूमीत ते विसावले आहेत.

रुड यांनी जे शंभर वर्षांपूर्वी मांडले, ते मान्य करायला वेळ लागला. २००० साली केंटकीतील उपरोक्त तिन्ही भगिनी-संस्थांनी एकत्र प्रार्थनासभा घेऊन गुलाम बाळगल्याबद्दल जाहीर क्षमायाचना केली. २०१२ साली नझरेथच्या धर्मभगिनींनी, त्या गुलामांपैकी अनेक जण जेथे चिरविश्रांती घेत आहेत त्या दफनभूमीत, त्यांचे स्मारक उभारले. या कृतीने भूतकाळ बदलत नाही. परंतु जतन करावयाच्या गोष्टींच्या यादीत तेव्हा विटा व चित्रे यांच्या जोडीला माणसेही आली.

नझरेथच्या या धर्मभगिनींचा आपल्या देशाशीही संबंध आहे. १९४७ साली, स्वातंत्र्याच्या वर्षी, सहा भगिनी केंटकीहून बिहारमधील मोकामा येथे आल्या आणि गंगाकाठी त्यांनी रुग्णालय सुरू केले. पुढे भारतीय तरुणी त्या संस्थेत दाखल झाल्या. बार्ड्सटाऊनजवळच्या ओंडक्यांच्या घरात फादर डेव्हिड आणि कॅथरिन स्पाल्डिंग यांनी लावलेल्या रोपट्याची ही फांदी होय.

जुन्या चर्चचा महोत्सव आला की आपणही स्मरणिका काढतो. तीत बांधकामाचे वर्ष, धर्मगुरूंची नामावली, देणगीदारांची छायाचित्रे असतात. दगड वाहणारे, चुना मळणारे, पहाटे दार उघडून दिवा लावणारे सहसा नसतात. बार्ड्सटाऊनच्या कॅथेड्रलचे स्तंभ दगडी दिसतात, पण आत लाकूड आहे, हे तेथील मार्गदर्शक कौतुकाने सांगतात. गिलाव्याखाली काय आहे हे सांगण्याची हीच मोकळीक इतिहासाच्या बाबतीतही असावी. ज्यांनी वेदीपुढचा दिवा तेवत ठेवला, त्यांची नावे शोधून नोंदविणे हाही वास्तुजतनाचाच भाग आहे. तो पुरा होईपर्यंत कोणत्याही जुन्या चर्चचे जतन अपुरेच राहील.