संगणकीय छेदचित्रणातील मापन-अचूकता

क्ष-किरण व संगणक यांच्या साहाय्याने शरीराच्या छेदाची प्रतिमा मिळविण्याच्या पद्धतीस संगणकीय छेदचित्रण म्हणतात. व्यवहारात ती सीटी स्कॅन या नावाने परिचित आहे. साध्या क्ष-किरण चित्रात अवयवांच्या छाया एकमेकींवर पडतात. छेदचित्रात त्या विलग होतात व गाठ, मुतखडा इत्यादींचे आकारमान मोजता येते. मात्र हे माप प्रत्यक्ष वस्तूचे नसून गणिताने पुनर्रचित केलेल्या प्रतिमेचे असते. त्यामुळे या पद्धतीचा इतिहास हा बव्हंशी त्या मापात शिरणाऱ्या त्रुटी ओळखण्याचा व त्या कमी करण्याचा इतिहास होय.

पद्धतीचा गणितीय पाया योहान राडोन यांनी 1917 मध्ये घातला. ए. एम. कॉरमॅक यांनी 1963–64 मध्ये तिचे स्वतंत्रपणे विवेचन केले. जी. एन. रामचंद्रन् व ए. व्ही. लक्ष्मीनारायणन् या भारतीय शास्त्रज्ञांनी 1971 मध्ये पुनर्रचनेची सुटसुटीत रीत मांडली. त्याच वर्षी 1 ऑक्टोबर रोजी जी. एन. हौन्सफील्ड यांच्या यंत्राने लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेण्यात आले. हौन्सफील्ड व कॉरमॅक यांना 1979 चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या पहिल्या यंत्राची प्रतिमा 80 × 80 चित्रघटकांची असून प्रत्येक घटक सु. 3 मिमी. रुंद व छेद सु. 13 मिमी. जाड होता. एकाच घटकात दोन ऊतके आल्यास त्यांची सरासरी नोंदली जाते व गाठीची कड पुसट होते. यास आंशिक घनफळ परिणाम म्हणतात. 1989 मध्ये सर्पिल चित्रण व 1998 च्या सुमारास बहुछेदी यंत्रे आल्यावर छेदाची जाडी 1 मिमी. पेक्षाही कमी करता आली. तथापि पातळ छेदात क्ष-किरणांची संख्या घटून प्रतिमा दाणेदार होते. हा दाणेदारपणा निम्म्यावर आणण्यास किरणमात्रा चौपट करावी लागते. म्हणून अचूकता व रुग्णाची सुरक्षितता यांचा मेळ घालणे आवश्यक ठरते.

ऊतकाची घनता हौन्सफील्ड एककांत मोजतात. पाण्याचे मूल्य 0 व हवेचे −1,000 मानले जाते. शरीरातून जाताना कमी ऊर्जेचे किरण आधी शोषले जातात व उरलेली शलाका अधिक भेदक बनते. त्यामुळे मधल्या भागाची घनता प्रत्यक्षाहून कमी भासते. हाडे व धातूचे रोपण यांच्याजवळ हा दोष वाढतो. यासाठी पहिल्या यंत्रात डोक्याभोवती पाण्याची पिशवी ठेवीत. पुढे गणितीय दुरुस्ती रूढ झाली. नळीचा विद्युत् दाब बदलल्यास कॅल्शियम व आयोडीन यांची मूल्येही बदलतात.

श्वासोच्छ्‌वास व हृदयस्पंदन यांमुळे कडा सरकतात. प्रतिमा पाहताना निवडलेल्या करड्या छटांच्या व्याप्तीचाही परिणाम होतो : मुतखडा मृदू ऊतकांच्या मांडणीत हाडांच्या मांडणीपेक्षा मोठा दिसतो. 10 मिमी. व्यासाची गोल गाठ 11 मिमी. मोजली गेल्यास तिचे घनफळ सु. एक-तृतीयांशाने अधिक निघते.

अशा त्रुटींचे परिणाम गंभीर असतात. ‘रेसिस्ट’ या आंतरराष्ट्रीय निकषांच्या 2009 मधील आवृत्तीनुसार, निवडलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज उपचारकाळातील किमान बेरजेपेक्षा 20% व निदान 5 मिमी. वाढल्यास कर्करोग बळावल्याचे मानतात आणि त्यावरून औषधयोजना बदलली जाऊ शकते. मापातील चूक येथे रोगाची वाढ म्हणून गणली जाण्याचा धोका असतो.

भारतात 1983 मध्ये स्थापन झालेले व मुंबई येथे मुख्यालय असलेले अणुऊर्जा नियामक मंडळ या यंत्रांचे नियमन करते. त्यांची गुणवत्ता चाचणी ठरावीक काळाने करावी लागते. तीत पाण्याने भरलेल्या प्रतिकृतीवरून यंत्राची मूल्ये पडताळतात. परभणी जिल्ह्यातील रुग्ण पुढील उपचारांसाठी नांदेड, छत्रपती संभाजीनगर वा मुंबई येथे गेल्यास त्याची पहिली व नंतरची चित्रे भिन्न यंत्रांवर घेतली जाण्याचा संभव असतो. छेदाची जाडी, विद्युत् दाब व रंजकद्रव्य दिल्यानंतरचा काळ समान असेल, तरच अशी मापे विश्वसनीयपणे ताडून पाहता येतात. म्हणून केवळ लेखी अहवाल नव्हे, तर मूळ प्रतिमांची संपूर्ण संगणकीय नोंद रुग्णाबरोबर असणे महत्त्वाचे ठरते. तीवरून जुनी व नवी मापे एकाच तज्ञाला एकाच रीतीने पुन्हा घेता येतात.