पंप गेला की वायर? एका सर्किटचा इतिहास

आजचा बिघाड गाडी वापरणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत असेल. किल्ली फिरवली, सेल्फ व्यवस्थित फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही. गॅरेजमध्ये निदान होतं, ‘फ्युएल पंप गेला.’ पंप बदलला जातो, पैसे जातात आणि कधीकधी चार दिवसांनी गाडी पुन्हा तशीच उभी राहते. पंप धडधाकट होता, दोष वायरिंगमध्ये होता. मग दोष पंपावर का गेला? याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं.

प्रीमियर पद्मिनी आठवा, किंवा १९८३ साली आलेली मारुती ८००. या गाड्यांत पंप इंजिनच्या अंगालाच बसवलेला असे आणि इंजिनच्याच कॅमवर चाले. त्याला वायर नव्हतीच. पाइप काढायचा, सेल्फ मारायचा, पेट्रोल उडतंय का ते बघायचं. झालं निदान! विलायतेत मॉरिस मायनरसारख्या गाड्यांना एसयू कंपनीचा विजेवरचा पंप होता. त्याचे पॉइंट चिकटले की लोक त्याला पान्याने टिचकी मारत आणि तो टकटक करत पुन्हा चालू होई. म्हणजे डोळा, कान आणि हात एवढ्यावर काम भागत होतं.

हे बदललं ते धुरामुळे. कॅलिफोर्नियात धुरावर कायदे आले आणि १९६७ साली बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन प्रणाली फोक्सवॅगन १६०० मध्ये बसली. इंजेक्टरला कार्बोरेटरपेक्षा कितीतरी जास्त दाबाने पेट्रोल लागतं, म्हणून विजेचा पंप आला. पण त्याबरोबर एक धोकाही आला. अपघातात इंजिन बंद पडलं आणि पंप मात्र चालूच राहिला तर? पाइप फुटलेला असेल तर पेट्रोल बाहेर पडत राहणार. म्हणून १९७० च्या दशकातल्या एल-जेट्रॉनिकमध्ये हवा मोजणाऱ्या पाकळीलाच एक स्विच जोडला. इंजिन हवा ओढतंय तोवरच पंप चालणार. आज हे काम इसीयू करतो. किल्ली ऑन केली की अनेक गाड्यांत पंप साधारण दोन सेकंद गुणगुणतो आणि इंजिन फिरलं नाही तर थांबतो. तो बिघाड नसतो, ती सुरक्षेची सोय असते.

आपल्याकडे हा बदल आला तोही हवेच्याच प्रश्नातून. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९९९ मध्ये दिल्ली परिसरातल्या नव्या खाजगी गाड्यांना युरो-१ आणि वर्षभरात युरो-२ ची अट घातली. पुढच्या काही वर्षांत नव्या मोटारींतून कार्बोरेटर गेला, एमपीएफआय आलं आणि पंप टाकीच्या आत जाऊन बसला. एका पिढीच्या मेकॅनिकना तो आता दिसेना, हाताला लागेना. मग अंदाजाने पार्ट बदलायची सवय लागली.

खरं तर अशा बिघाडाची पद्धत मोटारीपेक्षा जुनी आहे. ती तारायंत्राची. लांबच्या तारेत करंट क्षीण होतो, म्हणून मधे रिले ठेवत. क्षीण करंटने चुंबक ओढायचा आणि पुढच्या ताज्या बॅटरीचा मार्ग जोडायचा. आपल्या पंपाचा रिले अगदी हेच करतो. इसीयूच्या थोड्या करंटवर पंपाचा मोठा करंट जोडतो. मल्टिमीटरही त्याच घरातला. ब्रिटिश पोस्ट ऑफिसातले अभियंते डोनाल्ड मॅकॅडी वेगवेगळी उपकरणं वाहून कंटाळले होते. त्यांच्या कल्पनेतून १९२३ साली अँपियर, व्होल्ट आणि ओहम एकाच पेटीत मोजणारा ‘एव्हो’ मीटर बाजारात आला.

पण मीटरही फसवतो बरं का. पंपाचा कनेक्टर काढून वायरवर मीटर लावला, बारा व्होल्ट दिसले, म्हणून ‘सप्लाय ठीक, पंप खराब’ असं ठरवलं जातं. समजा वाटेत एक गंजलेला जोड आहे, एक ओहमचा. डिजिटल मीटर अँपियरचा जेमतेम दशलक्षांश करंट घेतो, त्यामुळे जोडावर काहीच गळत नाही आणि पूर्ण बारा दिसतात. पंप जोडला आणि चार अँपियर वाहू लागले की त्याच जोडावर चार व्होल्ट खर्च होतात. पंपाला उरतात आठ.

म्हणून कनेक्टर जोडलेला ठेवूनच, एकाला सेल्फ मारायला सांगून, मागच्या बाजूने मोजायचं. बॅटरीवर दहा आणि पंपापाशी सहा आले, तर चार व्होल्ट वाटेत हरवले. मग फ्यूजनंतर, रिलेनंतर, कनेक्टरपाशी असं टप्प्याटप्प्याने मोजत जायचं. अर्थ विसरायचा नाही. पंपाची अर्थ वायर आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांत अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर दोष तिथे आहे. पंपापाशी बॅटरीइतकेच व्होल्ट येत आहेत, अर्थही चांगला आहे आणि तरी पंप गप्प आहे, तेव्हाच पंपाला दोष द्यायचा.

आणि गंमत बघा, जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडचा टेस्ट लॅम्प इथे उपयोगी पडतो. २१ वॉटचा साधा बल्ब जवळपास पावणेदोन अँपियर ओढतो, म्हणजे वायरला खरोखर कामाला लावतो. वाट खराब असेल तर तो मंद पेटतो. एलईडीचा टेस्टर हे दाखवणार नाही. हा बल्ब फक्त पंपाच्या जाड वायरवर लावायचा. इसीयूच्या बारीक वायरला लावाल तर इसीयू जायचा. आणि पेट्रोलचा वास येत असेल तर ठिणगी पडेल असं काहीच करायचं नाही.

म्हणजे १९९९ नंतर ज्यांचं ज्ञान कालबाह्य झालं असं आपण मानलं, त्यांच्या पिशवीत या प्रश्नाचं निम्मं उत्तर होतं. उरलेलं निम्मं ओहमच्या नियमात होतं. या दोन गोष्टी एकत्र शिकवणारी शाळा मात्र बहुतेक गॅरेजांना मिळाली नाही. त्याची किंमत गाडीवाला अजून मोजतो आहे, एकेका चांगल्या पंपाच्या रूपाने.

आता प्रश्न विचारा.